दुसऱ्या दाराशी बाबा

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं नाव दिसलं आणि मी फोन कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मनातल्या मनात ‘काय कटकट आहे या माणसाची’ असंही म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा घेतला, तेव्हा तो फक्त “नंदा… बाबा…” एवढंच म्हणाला. गॅरेजकडे जायच्या दारापाशी आमच्याकडे बूट घालायला एक बाक आहे. बाबा त्यावर बसलेले होते, एक बूट पायात, दुसरा हातात. मिलिंद घरून काम करतो. कॉफी करायला म्हणून तो खाली आला, तर हे असे भिंतीला टेकून. त्याला वाटलं, डुलकी लागली आहे. अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्या लोकांनी खूप खटपट केली, पण बाबा आधीच गेले होते. त्याला आता सात आठवडे झाले. वय अठ्ठ्याहत्तर, अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सोन्यासारखं मरण’ म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

इथे परदेशात, ट्रॉयमध्ये, आमच्या मराठी मंडळाने बाबांसाठी शोकसभा ठेवली. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, “काका एसटी महामंडळात वरिष्ठ अधिकारी होते, पण कधी मोठेपणा मिरवला नाही.” मी पहिल्या रांगेत बसले होते आणि गप्प बसले. शेजारी माझी मुलगी इरा होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला खरं माहीत होतं, कारण बाबांनी तिला त्यांच्या नोकरीच्या गोष्टी सांगून सांगून पकवलं होतं. घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, “व्हाय डिड यू लेट हिम से दॅट?” मी म्हटलं, सीट बेल्ट लाव.

तर आधी हे सांगून टाकते. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. अकोला डेपो. बत्तीस वर्षं खाकी कपडे, चामड्याची पिशवी आणि तिकिटं पंच करायचा चिमटा. मी इंजिनियर झाले ती त्या पिशवीवर. अधिकारी त्यांना मी केलं, तेही फार न बोलता. इथे नवी आले होते तेव्हा कुणाच्या तरी हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, एसटी महामंडळात आहेत. कोणत्या खात्यात? म्हटलं, वाहतूक. पुढचं प्रमोशन लोकांनीच देऊन टाकलं आणि मी ते नाकारलं नाही. सगळ्या जणी पुण्या-मुंबईच्या, कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाचे बँकेत मॅनेजर. मी आपली वऱ्हाडातली, ‘मले-तुले’ जिभेवरून खरवडून काढलेली. लाज वाटायची, दुसरं काय! आता त्या लाजेचीच लाज वाटते, पण तेव्हा अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे.

आई गेल्यावर, साडेतीन वर्षांपूर्वी, मी बाबांना इकडे आणलं. मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, अध्यक्षांनी हात जोडून विचारलं, “साहेब, कुठल्या डिव्हिजनला होतात आपण?” बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या ताटलीत बघत होते. “अकोला विभाग,” बाबा म्हणाले आणि मग भाताला कसा छान वास येतोय यावर बोलायला लागले. घरी आल्यावर त्यांनी विषयसुद्धा काढला नाही. कंडक्टरला गाडीतल्या प्रत्येकाचा चेहरा वाचता येतो म्हणतात. माझा तर त्यांना तोंडपाठ होता.

बाबांना इथे सगळ्यात जड गेलं ते बसून खाणं. आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. बाबा तेवढे कर्मठ नव्हते, पण जावयाच्या घरी रिकाम्या हातानं घास गिळायचा म्हणजे त्यांच्या घशात अडकायचा. म्हणून भांडी घासायचे, डिशवॉशर असताना. कपड्यांच्या घड्या घालायचे, अगदी मिलिंदच्या मोज्यांच्यासुद्धा, मग तो बिचारा लाजेने अर्धमेला व्हायचा. बर्फ पडला की आमचा ड्राइव्हवे साफ करून शेजारच्यांचाही करून टाकायचे. मी ओरडायचे, “बाबा, घसरून पडाल!” तर म्हणायचे, “बाई वं, रोज दहा फेऱ्या उभ्यानं केल्या म्या. मले काय होते?” चिडले की मी ‘नंदा’, एरवी ‘बाई’.

पहिल्याच डिसेंबरात मी त्यांना घराजवळच्या मोठ्या किराणा दुकानात घेऊन गेले. नाताळ जवळ आला की इथे दुकानांच्या दाराशी एक लाल बादली तिकाटण्याला टांगलेली असते, झाकणाला पैसे टाकायला फट, आणि शेजारी कुणीतरी छोटी घंटा वाजवत उभं असतं. आपण घाईत असतो, सुटे असले तर टाकतो, नसले तर फोनमध्ये बघत पुढे सटकतो. मी सटकायच्याच बेतात होते. बाबा थांबले. एक म्हातारीशी गोरी बाई लाल एप्रन घालून घंटा वाजवत होती. तिचं नाव डोरोथी, हे पुढे कळलं.

“ही माणसं कायच्यासाठी पैसे जमा करून राहिली?”

“गरिबांसाठी, बाबा. ज्यांना थंडीत घर नाही त्यांच्यासाठी. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी.”

“आन ही बाई पगारी हाय?”

“नसेल बहुतेक. व्हॉलंटियर दिसते.”

“म्हंजे फुकट उभी हाय,” बाबा म्हणाले. “मंग मले काहून नाही जमणार?”

मी हसण्यावारी नेलं. पण दुकान घरापासून चालत आठ-दहा मिनिटांवर, आणि बाबा रोज फिरायला जातच होते. चौथ्या का पाचव्या दिवशी डोरोथीला आत जाऊन यायचं होतं, तिने ‘मिनिटभर धरता का’ म्हणून घंटा त्यांच्या हातात दिली. झालं! दुसऱ्या दिवसापासून बाबा माकडटोपी, त्यावर मफलर, माझा जुना जाडा कोट आणि लाल एप्रन अशा थाटात दुपारी दोन ते पाच ड्यूटीवर. ते ‘ड्यूटी’च म्हणायचे. डबा नेत नव्हते एवढंच.

इंग्रजी त्यांचं मोजून दहा-बारा वाक्यांचं, पण तेवढ्यावर सगळ्या दुकानाशी दोस्ती. देणाऱ्यालाही थँक्यू, न देणाऱ्यालाही थँक्यू. मी एकदा म्हटलं, न देणाऱ्याला कशाला? तर म्हणाले, “गाडीत जागा नसली तरी पॅसेंजरले काही बोला लागते. तोंड फिरवलं की माणूस मनातून उतरते.” दाराशी ट्रॉल्यांची गर्दी झाली की चक्क मराठीत ओरडायचे, “चला, पुढं सरका, पुढं सरका!” आणि गोरी माणसं खरोखर पुढे सरकायची. एखादी म्हातारी फुटपाथवरून उतरायला लागली की हे हात पुढे करून उभे. इराने एक दिवस त्यांचा व्हिडिओ काढला आणि टाकला कुठेतरी. “मॉम, आजोबा इज सो कूल!” मी तिला तो काढून टाकायला लावला. तिने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. मिलिंद म्हणाला, “असू दे गं, आनंदात आहेत ते.” त्याला काय जातंय म्हणायला! त्याचे वडील खरोखरचे अधिकारी होते.

मला वाटायचं, आपल्या लोकांपैकी कुणी बघितलं तर? व्हॉलंटियरिंग वगैरे शब्द आपण रेझ्युमेत लिहितो, मुलांच्या कॉलेजच्या अर्जात लिहितो. पण सत्तरी ओलांडलेला आपला माणूस दुकानाच्या दाराशी घंटा वाजवतोय आणि पुढ्यात पैशांची बादली आहे, हे बघून मराठी डोक्यात पहिल्यांदा कोणता शब्द येतो ते मला ठाऊक होतं. माझ्याच डोक्यात तो पहिल्यांदा आला होता.

आणि मग दुसऱ्या वर्षीचा डिसेंबर. ऑफिसात मला नवी मॅनेजर आली होती, केतकी, पुण्याची, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि माझं त्या वर्षीचं प्रमोशन तिच्याच हातात. हॉलिडे पार्टीचं सामान आणायला आम्ही दोघी तिच्या गाडीतून निघालो. तिने नेमकं तेच दुकान धरलं. मी म्हटलं, पुढे एक मोठं आहे, तिथे जाऊ. ती म्हणाली, नको गं, हे वाटेवर आहे. पार्किंगमधूनच मला माकडटोपी दिसली.

बाबांनी मला लांबूनच पाहिलं. चेहरा असा उजळला त्यांचा! घंटेचा हात थांबला, दुसरा हात वर होणार, तेवढ्यात त्यांना माझा चेहरा दिसला. काय होतं माझ्या चेहऱ्यावर, मला माहीत नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा घंटा वाजवायला लागले.

केतकी माझ्या कानाशी आली, पण आवाज काही तिने फारसा कमी केला नाही. समोरच्याला मराठी येत असेल हे तिच्या गावीही नसावं. “अगं, हे आपल्याकडचे दिसतात, नाही? या वयात असं थंडीत उभं राहून मागायची वेळ यावी… मुलंबाळं बघत नसतील का गं?”

“कोण जाणे,” मी म्हणाले.

हे शब्द मी माझ्या बापापासून चार हातांवर उभी राहून म्हणाले. केतकीने पर्समधून पाच डॉलरची नोट काढली आणि घडी करून फटीत सरकवली. बाबा तिच्याकडे बघून थोडे वाकले. “थँक्यू, मॅडम. मेरी ख्रिसमस.” मग माझ्याकडे वळले. त्यांना मराठीत उत्तर देता आलं असतं. ‘मुलं बघतात हो, ही इथेच आहे माझी मुलगी’ एवढं म्हणाले असते तरी संपलं असतं. मला तर वाटतं, तेवढ्या एका वाक्याने माझं भलंच झालं असतं. ते म्हणाले, “मेरी ख्रिसमस, मॅडम.” मला. आणि दार उघडं धरलं.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी पोळ्या करत होते. मला वाटलं, आता बोलतील, चिडतील, ‘नंदा’ म्हणतील. मी वाट बघत होते म्हणा ना. त्यांनी हात धुतले, नेहमीसारखा ठेचा मागितला, दीड पोळी खाल्ली. मग म्हणाले, “तुही मैत्रीण चांगली हाय. पाच डॉलर टाकले तिनं. लोक रुपया काढत नाहीत.” मी तव्यावरची पोळी उलटली. थोड्या वेळाने ते पाण्याचा पेला घेऊन माझ्याजवळ आले आणि अगदी साधेपणाने, उद्या भाजी काय आणायची असं विचारावं तसं, म्हणाले, “बाई, त्या दुकानाले दोन दारं हायत. एक भाजीकडलं, एक औषधाकडलं. तू कोणत्या दारानं जातेस ते सांगून ठेवजो. मी दुसऱ्यावर उभा राहीन.”

त्यावर मी काय बोलायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. गॅस बंद करायचा, त्यांचे पाय धरायचे, रडायचं, काहीही. गेल्या सात आठवड्यांत मी ते उत्तर शंभर प्रकारांनी देऊन झाले आहे. पण त्या दिवशी मी म्हणाले, “मी भाजीकडच्या दारानं जाते.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि भांडी घासायला लागले.

तेव्हापासून तो उरलेला डिसेंबर आणि गेल्या वर्षीचा अख्खा, बाबा औषधांकडच्या दाराशी उभे राहिले. मी भाजीकडच्या दाराने जात राहिले, आत शिरायचे, सामान घ्यायचे, त्याच दाराने बाहेर. प्रमोशनही झालं माझं. बाबांनी पेढे मागवून सगळ्या शेजाऱ्यांना वाटले. आमच्यात भांडण झालं नाही, अबोला नाही. ते गोष्टी सांगायचे, हसायचे, इराला ‘डबल बेल’ मारून शाळेत पिटाळायचे. त्यांनी मला माफ केलं होतं असं म्हणायची सोय नाही, कारण मी माफी मागितलीच नव्हती. मागेन, मागेन म्हणत राहिले. बाप काय पळून जातोय, असं वाटायचं.

बाबा गेल्यानंतर मी ऑफिसला परत गेले, तेव्हा केतकी भेटायला माझ्या डेस्कपाशी आली. माझा हात हातात घेऊन बसली. तिला खरंच वाईट वाटत होतं. मी एकदम म्हटलं, “केतकी, ते माझे बाबा होते गं. त्या दुकानाशी. घंटा घेऊन उभे होते ते.” तिला काही कळेना. मी सगळं सांगितलं: पार्टीचं सामान, माकडटोपी, पाच डॉलर. ती भुवया आक्रसून आठवायचा प्रयत्न करत होती. शेवटी म्हणाली, “सॉरी नंदा, खरंच आठवत नाहीये. आपण त्या दुकानात गेलो होतो?” जिच्यासमोर मी बाप नाकारला, तिच्या लक्षातही नव्हतं. मी वॉशरूममध्ये जाऊन बसले. इतकं रडू स्मशानातही आलं नव्हतं.

मग नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, बाबांच्या फोनवर डोरोथीचा फोन आला. या वर्षी त्यांना कोणते वार सोयीचे, विचारायला. मी सांगितलं, ते गेले. ती म्हणाली की त्यांची जागा कुणाला द्यावी हेच तिला कळत नाही. मी म्हटलं, मला द्या. हे मी काही पुण्य लागावं म्हणून म्हटलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं.

गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा उभी राहिले, औषधांकडच्या दाराशी. अहो, काय थंडी! त्या बाजूला सगळं मोकळं मैदान, वारा थेट तोंडावर येतो. वीस मिनिटांत मला माझे ओठ हलवता येईनात, आणि मी पन्नाशीही गाठलेली नाही. येणारी-जाणारी माणसं विचारत होती, “ते आजोबा कुठे आहेत?” मी सांगत होते, ते माझे वडील, गेले. एका माणसाने ट्रॉली सोडून मला मिठी मारली. एक बाई म्हणाली, “म्हणजे तू ती मुलगी!” मला काही समजेना. तेवढ्यात डोरोथी आली, हातात दोन कॉफी. तिने सांगितलं, या दाराशी आम्ही वयस्कर माणसांना उभंच करत नाही, कुणीच टिकत नाही इथे. पण त्यांनी हट्ट धरला. हातवारे करत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, माझी मुलगी त्या दाराने येते, मला थंडीत उभं पाहिलं की तिचा जीव वरखाली होतो, कामं सोडून माझ्याजवळ उभी राहील, तिला खूप कामं असतात, म्हणून मला तिच्या नजरेआड ठेवा. सगळ्यांना हेच सांगत होते म्हणे ते. दुकानातल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की या म्हाताऱ्याची मुलगी त्याला फार जपते.

“तुमच्याबद्दल फार बोलायचे,” डोरोथी म्हणाली. “लकी मॅन.”

मी मान डोलावली. पुन्हा डोलावली! सवयच लागली आहे मानेला. मग कॉफीचा कप खाली ठेवला आणि तिला थांबवलं. माझ्या मोडक्यातोडक्या आवाजात सांगितलं की यातलं काहीही खरं नाही, मला त्यांची लाज वाटत होती, कोणतं दार ते त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. “ओ हनी,” डोरोथी म्हणाली आणि माझ्या दंडावर हात ठेवून उभी राहिली. एक गोष्ट मात्र तिलाही सांगायचा मला धीर झाला नाही. मिलिंदलाही सांगितलेली नाही. ती इथे, तुम्हा सगळ्यांसमोर लिहिते आहे, मंडळातल्या लोकांनीही वाचावी म्हणून.

बाबांनी विचारलं तेव्हा मला त्या दुकानात येऊन अकरा वर्षं झाली होती. दोन्ही दारं मला चांगली माहीत होती. मी भाजीकडच्या दाराने जात होते, कारण तिकडे वारा लागत नाही.